वकीलीणबाईंचं म्हणणं

१२ जानेवारी

प्रशिक्षण संपलं. निघताना मोजपट्टीबाई म्हणाल्या, "रोज घरी गेल्यावर मनात येईल ते लिहून काढत जा. मुलींसमोर सांडण्यापेक्षा कागदावर सांडलेलं बरं." म्हणून हा खटाटोप. शाळेत मी निबंधात काठावर पास व्हायचे, तेव्हा वाचणाऱ्यानं, म्हणजे मीच, फार अपेक्षा ठेवू नये.

मोजपट्टीबाई हे नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही. त्या आमच्या नव्या मार्गदर्शक. झोप मोजतात, भीती मोजतात, मुलगी हसली म्हटलं तर किती वेळा हसली ते विचारतात. आमच्या संस्थेच्या मोठ्या घरात राहायला येणाऱ्या मुलींना कुणीतरी फसवलेलं, विकलेलं, वापरलेलं असतं. इतकी वर्षं आम्ही त्यांना अन्न दिलं, अंथरूण दिलं, शिवण शिकवलं, माया केली. माया कधी कमी पडली नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "त्यानं त्या बऱ्या झाल्या हे कशावरून?" मला नुसता राग आला.

नवी पद्धत अशी: आधी मुलीला स्वतःला शांत करायला शिकवायचं, भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायला शिकवायचं. मग जे घडलं ते तिनं थोडं थोडं करून सांगायचं, लिहायचं. मग "माझीच चूक" वगैरे डोक्यात बसलेलं तपासायचं. शेवटी तिनं ते आपल्या एका जवळच्या माणसाला सांगायचं. पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ मुलींवर करून बघितलंय म्हणे, आणि नुसत्या मायेपेक्षा गुण जास्त येतो हे सिद्ध झालंय.

असेल. पण भरत आलेल्या जखमेला हात लावायला माझं मन धजत नाही.

१५ जानेवारी

सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झाली, आज घरी आणलं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं बजावलंय: रोज गुडघा वाकवायचा, दुखलं तरी. सासूबाई तिला "जल्लादीण" म्हणाल्या, तिच्या तोंडावर. तीही हसली.

१९ जानेवारी

मला मिळालेली मुलगी सोळा वर्षांची आहे. घरातल्या बाकीच्या मुली तिला वकीलीण म्हणतात, कारण ती कशाचंच सरळ उत्तर देत नाही, उलटतपासणी घेते.

मी विचारलं, "झोप कशी लागते?"

"तुम्हाला कशी लागते?"

"बरी लागते. सासूबाई घोरतात तेवढंच."

"मग तुम्ही त्यांना उठवता का?"

पाहता पाहता ती मला विचारत होती आणि मी सांगत होते. बाहेर पडल्यावर कळलं की माझ्या घरची सगळी कुंडली तिच्याकडे गेली आणि तिच्याकडची एक गोष्टही माझ्याकडे आली नाही. वकिलीच करावी तिनं. मला फार आवडली.

तिचं प्रकरण एवढंच माहीत आहे: कामाच्या आशेनं गाव सोडलं, भलत्याच घरात कोंडली गेली, पोलिसांनी सोडवली. त्या घराचे मालक पकडले गेले. तिला तिथवर नेणारा माणूस कोण, हे ती सांगत नाही. तो मोकळा आहे.

२ फेब्रुवारी

श्वास, हातपाय सैल सोडणं, भीतीचे आकडे, सगळं ती पटकन शिकली. आकड्यांचं तर तिला वेडच लागलंय. गणिताच्या बाईंची भीती सात, पालीची नऊ, मोजपट्टीबाईंची पाच. "आणि माझी?" म्हटलं. "तुमची कसली भीती?" म्हणाली. मी दिवसभर फुलून गेले होते.

आज तिचा दादा आला होता. आईवडील नाहीत, त्यानंच तिला वाढवलंय. गाड्या दुरुस्त करण्याच्या कामावर होता, आता ते सोडून टायरच्या दुकानात लागलाय. "का सोडलं?" म्हटलं तर "मन लागेना" म्हणाला. बहिणीसाठी केसांच्या पिना आणल्या होत्या, त्यांवर प्लॅस्टिकची बदकं. सोळा वर्षांच्या मुलीला! तिनं त्या तिथल्या तिथे लावल्या.

जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, तिला फार खोदून विचारू नका. विसरत चाललीय ती. झालं गेलं, संपलं." मी म्हटलं, "पोलिसांना त्या माणसाचं नाव हवंय, एवढंच." त्याचा चेहरा पांढरा पडला. भर उन्हातून चालत आला होता बिचारा. मी पाणी दिलं.

किती समजूतदार भाऊ! माझ्या मनातलंच बोलला.

९ फेब्रुवारी

आजपासून तिनं सांगायला सुरुवात करायची होती. पण आली तीच सुकलेल्या चेहऱ्यानं. म्हटलं, राहू दे, एका आठवड्यानं काय बिघडतंय. पत्ते काढले. तिनं मला दोनदा हरवलं. मध्येच तिनं विचारलं, "ताई, या खोलीच्या भिंती जाड आहेत का?" मी म्हटलं, "चांगल्या जाड आहेत, बाहेरचा गोंगाट आत यायचा नाही, निवांत खेळ."

११ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज व्यायामाला साफ नकार दिला. हेही आईची बाजू घेऊन उभे राहिले. "राहू दे ना आजच्या दिवस. कळवळतेय ती." मी म्हटलं, "आज राहू दे, उद्या राहू दे, करत करत पाय कायमचा आखडेल. मग कळवळायला जन्म पडलाय." दोघांनाही गप्प केलं आणि गुडघा वाकवून घेतला. सासूबाई माझ्या माहेरच्यांचा उद्धार करत होत्या, पण वाकवला.

ह्यांचं असंच. आईचं दुखणं ह्यांना सोसत नाही आणि नाव मात्र आईचं सांगतात.

१६ फेब्रुवारी

आज उकाडा फार होता. खोलीतला पंखा नुसता आवाज करतो. अशा वेळी कुठे तो विषय काढायचा! पुन्हा पत्ते.

ती म्हणाली, "एखाद्या मुलीला निळी गाडी बघितली की उलटी येत असेल तर तो काही रोग असतो का?"

मी म्हटलं, "पित्त असेल. डॉक्टरीणबाईंकडून गोळी घेऊ." तिनं पत्ते पिसले, बराच वेळ पिसत राहिली.

२३ फेब्रुवारी

आजही जमलं नाही. तिनंच विचारलं, "ते सांगायचं कधीपासून आहे?" मला वाटलं, धास्ती घेतलीय पोरीनं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, "काही घाई नाही बाळा. तू म्हणशील तेव्हा." ती म्हणाली, "मी कधी म्हणू?" म्हटलं, "अगं, तुझ्या मनाला वाटेल तेव्हा."

या आठवड्याच्या मोजणीत तिची झोप बिघडलेली निघाली. बघा! नुसतं नाव काढलं तर ही गत. मोजपट्टीबाईंना हे दाखवणार आहे.

२७ फेब्रुवारी

दाखवायला गेले आणि वेगळंच झालं.

मुलींच्या परवानगीनं आम्ही प्रत्येक बैठक रेकॉर्ड करतो. बाईंनी माझ्या गेल्या बैठका ऐकल्या होत्या. मी तक्रार मांडली, त्यांनी ऐकून घेतली, आणि यंत्र सुरू केलं. वकीलिणीचा आवाज: "या खोलीच्या भिंती जाड आहेत का?" मग माझा. मग तिची निळी गाडी, आणि माझी पित्ताची गोळी. मग तिचं "मी कधी म्हणू?"

बाईंनी यंत्र बंद केलं. "काय ऐकू आलं?"

मी म्हटलं, "ती घाबरलीय."

"पुन्हा ऐका."

पुन्हा लावलं. तिचा आवाज अगदी स्थिर. घाईघाईनं, चढ्या पट्टीत, लाडीगोडी लावत बोलत होते ती मी. मला माझाच आवाज ओळखू येईना.

"ती दार उघडतेय," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही लावताय. असं कितीदा झालं ते मी मोजलंय, पण आकडा सांगत नाही."

मी चिडले. म्हटलं, "तिला पुन्हा ते सगळं आठवायला लावायचं? तुम्हाला काही वाटत नाही का हो?"

बाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "तिला आठवत नाही असं वाटतं का तुम्हाला? ती रोज आठवतेय. एकटी. तुम्ही सोबत बसायचंय, एवढंच सांगतेय पद्धत."

तरातरा घरी आले. ह्यांच्यावर विनाकारण डाफरले. बाई खरं बोलल्या असतील तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

२८ फेब्रुवारी

बाई खरं बोलल्या. काल लिहिलेलं आज वाचलं, त्याच्या मागचंही वाचलं. इतकं धडधडीत माझ्याच अक्षरात आहे आणि मला दिसलं नाही. कानाला खडा.

२ मार्च

खोलीत गेले, पत्ते कपाटात ठेवले, कपाट लावून घेतलं. ती बघत होती.

"आज पत्ते नाहीत?"

"नाहीत. आज तुझं ऐकणार आहे."

"घाबरणार नाही ना तुम्ही?"

मी सवयीनं "छे गं" म्हणणार होते. मग म्हटलं, "घाबरले तर आकडा सांगेन."

"आत्ता किती?"

"सहा."

तिनं मान तिरकी करून विचार केला. "माझी चार," म्हणाली. आणि आपली खुर्ची माझ्या जवळ ओढून घेतली, मला आधार म्हणून.

आज फक्त घर सोडलं तो दिवस झाला. कुठला फ्रॉक घातला होता, डब्यात काय होतं, दादा कामावर जाताना काय म्हणाला. त्या निळ्या गाडीत बसली तिथपर्यंत आली आणि थांबली. "आता नऊ," म्हणाली. आम्ही श्वास मोजले. नऊ, सात, पाच. पाचावर आल्यावर तिनं स्वतःहून पुढचं वाक्य सांगितलं.

मी रडले नाही. घरी येऊन भांडी घासताना रडले. सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत चालत आल्या, पहिल्यांदाच. "कोण गं ती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कामावरची एक." "चांगली असणार," म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून भांडी पुसू लागल्या.

२३ मार्च

तीन बैठका होऊन गेल्या. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. ती सांगते, मी लिहून घेते, पुढच्या वेळी ती वाचते, चुका काढते. "इथं 'खूप' शब्द दोनदा आलाय." पहिल्या बैठकीतलं आज वाचताना आकडा तीनच्या वर गेला नाही. झोपही सुधारतेय. मोजपट्टीबाईंनी मला तिच्या भीतीची आलेखरेषा दाखवली, उतरती. "उतरती असली की आनंद," म्हणाल्या. त्या हसल्या. एकदा हसल्या, मोजून.

डोक्यात बसलेल्या गोष्टी तपासणं चालू आहे. त्या माणसानं तिला चपला घेऊन दिल्या होत्या. त्या तिला आवडल्या होत्या. म्हणून चूक तिची. मी विचारलं, "शेजारची लहान मुलगी चपला बघून खूश झाली, तर तिची चूक किती?" वकीलीण म्हणाली, "शून्य. पण हा प्रश्न तुम्ही मला आधी का नाही विचारला?"

एक गोष्ट मात्र बाकी आहे. सगळ्या लिखाणात तो माणूस नुसता "तो" आहे.

३० मार्च

आज कळलं.

पोलिसांकडच्या बाईंचा सकाळी फोन आला होता. दुसऱ्या एका गावातून एक मुलगी तशीच गेलीय, निळ्याच गाडीतून. मी मोजपट्टीबाईंना विचारलं, हे वकीलिणीला सांगू का? त्या म्हणाल्या, "दडवू नका, पण ओझंही टाकू नका. बैठका तिच्यासाठी आहेत, पोलिसांसाठी नाहीत. नाव द्यायचं की नाही, ती ठरवेल." मी तसंच सांगितलं तिला. तिनं बदकाची पिन केसातून काढली, पुन्हा लावली.

"दादाचा दोस्त होता," म्हणाली.

जुन्या कामावरचा. घरी यायचा, जेवायचा, हिच्याशी थट्टा करायचा. शहरात चांगलं काम बघितलंय म्हणाला, दादाला आत्ता सांगू नको, पहिला पगार हातात देऊन चकित करू. ही दादाला म्हणाली, मैत्रिणीच्या आत्याकडे कामाला जातेय.

"नाव सांगितलं की दादाला कळणार, त्यानंच घरात आणलेला माणूस होता. दादा जगणार नाही ताई. त्याला माझ्याशिवाय कोण आहे?"

एवढ्यासाठी! एवढ्यासाठी ही पोर वर्षभर मूग गिळून बसली होती.

मी विचारलं, "शेवटच्या बैठकीत कुणाला सांगायचं, ते तू ठरवायचंस. दुसरं कुणी हवंय का?"

"दुसरं कुणी नकोच आहे," म्हणाली. "तोच हवाय. तीच तर पंचाईत आहे."

१३ एप्रिल

ठरलं. दादालाच सांगणार, तीही स्वतः. आधी मी त्याची तयारी करून घ्यायची, नाव न सांगता. आज त्याला एकट्याला बसवलं. मध्ये बोलायचं नाही. त्या माणसाला मारून टाकीन वगैरे म्हणायचं नाही, त्यानं ती आणखी घाबरेल. वाचून झालं की म्हणायचं, "तू सांगितलंस हे बरं केलंस." हे वाक्य त्यानं माझ्यासमोर पाठ केलं. आधी दोनदा मध्येच अडखळला, तिसऱ्यांदा शाळेतल्या कवितेसारखं धडाधडा म्हटलं.

मग विचारलं, "ती सगळं सांगणार? सगळं म्हणजे सगळं?"

"तिला वाटेल ते."

तो आपल्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघत बसला. म्हणाला, "त्यानंतर ती माझ्याशी बोलेल ना?"

मला प्रश्नच उलटा वाटला. म्हटलं, "अरे, ती का नाही बोलणार?"

२० एप्रिल

हे आजच लिहायला हवं.

खोलीत आम्ही तिघंच. वकीलिणीनं आपले कागद गुडघ्यावर घेतले आणि वाचायला लागली. आवाज सुरुवातीला बारीक, मग मोकळा झाला. दादा मान खाली घालून ऐकत होता. मध्ये बोलला नाही. मोजपट्टीबाईंनी मला बजावलं होतं, धावू नका, सावरू नका, हात मांडीत ठेवा. मी हातांवर बसलेच होते.

शेवटच्या कागदावर तिनं नाव वाचलं. नाव, आणि "दादाचा दोस्त."

मग दादा म्हणाला, "मला माहीत होतं."

पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं.

"तू गेलीस त्याच आठवड्यात कळलं. तो कामावर येईना. चहावाला म्हणाला, तुझ्या बहिणीला त्याच्या गाडीत बसताना बघितली. मीच त्याला म्हटलं होतं गं, एकदा जेवताना, हिच्यासाठी कुठं काम असलं तर बघ. मी म्हटलं होतं. पोलिसांना कसं सांगू? आणि तुला कळलं की मीच त्याला काम बघ म्हटलं होतं, तर तू माझं तोंड बघशील का?"

मग सगळे कागद तिनं त्याच्या अंगावर भिरकावले.

"मग मी कुणासाठी गप्प बसले रे?"

"मी तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी! बदकं आणतोस माझ्यासाठी! दर रविवारी समोर बसतोस, टायरच्या गोष्टी सांगतोस, आणि तुला माहीत होतं?" तिनं त्याच्या खांद्यावर गुद्दा मारला. मग आणखी एक. तो खात राहिला. मी उठायच्या बेतात होते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बसून राहिले. इतक्या महिन्यांत ती कुणावर रागावलेली मी पाहिली नव्हती. हक्कानं रागावत होती.

गुद्दे हळूहळू हलके झाले. तिनं त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. दोघंही रडत होते. मग दादाला काय आठवलं कोण जाणे, तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवून, भलत्याच वेळी, कवितेच्या चालीत तो म्हणाला, "तू सांगितलंस हे बरं केलंस."

ती शर्टातूनच म्हणाली, "हे ताईंनी शिकवलंय."

"हो."

"तुझ्यासारखं वाटत नाही."

"माझ्यासारखं कसं म्हणायचं?"

तिनं विचार केला. "काही म्हणू नकोस. बस नुसता."

बसला. मीही बसले. किती वेळ, ते मोजलं नाही.

२२ एप्रिल

दादा आज सकाळी मोठ्या घराच्या फाटकाशी उभा होता, धुतलेला शर्ट घालून. म्हणाला, "मी पोलिसांकडे चाललोय. मला माहीत आहे ते लिहून देतो. तिनं यायलाच पाहिजे असं नाही." मी आत जाऊन तिला सांगितलं. तिनं विचारलं, "ती दुसरी मुलगी सापडली का?" म्हटलं, "अजून नाही." ती चपला घालायला लागली.

मोजपट्टीबाईही निघाल्या आमच्याबरोबर. वाटेत त्यांनी तिला विचारलं, "आकडा?" ती म्हणाली, "सहा. पण चालेल असा सहा."

ठाण्यात आधी दादाला बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता, पण ताठ चालत होता. मग पोलिसांकडच्या बाई दारात आल्या. "मुलीबरोबर आत कोण बसणार?"

दादा उठला. मी उठले. मोजपट्टीबाईसुद्धा अर्ध्या उठल्या.

वकीलिणीनं आम्हा तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं. "ताई बसतील," म्हणाली. मग थांबली. "नाही. नकोच कुणी. मी सांगते." दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "पण इथंच थांबा. चहाबिहाला जाऊ नका."

दार लागलं. आम्ही तिघं बाकावर बसलो. भिंत पातळ होती, तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्ये पोलीसबाईंचा छोटा प्रश्न, मग पुन्हा तिचा आवाज, लांबच लांब, न अडखळता. मोजपट्टीबाईंनी सवयीनं घड्याळाकडे बघितलं, मग मनगट उलटं करून मांडीवर ठेवलं.

बऱ्याच वेळानं दादा हसला. तो हसताना असा दिसतो, हे मला आजच कळलं.

"लहानपणी फार बोलायची ही," तो म्हणाला. "आई म्हणायची, हिच्या तोंडाला देव झाकण लावायला विसरला."